मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांचे व्यायाम घरी चालू राहावेत म्हणून मोबाइल अ‍ॅप

रानजाई

नमस्कार मंडळी,

आई चिपळूणला एकटी राहते, मी ठाण्यात. तिचं वय ६६. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, एक्स-रेवर उजवा ग्रेड ३, डावा ग्रेड २ (ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज). ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं म्हणणं असं की ऑपरेशनचा विचार आत्ता नको, मांडीचे स्नायू बळकट करा आणि वजन थोडं उतरवा. तिथल्याच एका फिजिओथेरपिस्टकडून ती व्यायाम शिकून आली. त्यांनी शिकवलंही मनापासून, सोबत एक छापील कागद दिला. त्यावर रेघांची चित्रं आहेत आणि शेजारी इंग्रजीत सूचना.

क्लिनिकमध्ये ती सगळं नीट करते. घरी काही आठवडे उत्साह टिकतो. मग एखाद्या दिवशी उजवा गुडघा जास्त ठणकतो, ती घाबरते आणि थांबते. मी फोनवर विचारलं की "चालू आहे गं" म्हणते, मला काळजी नको म्हणून. तिच्यावर पाळत ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. पण ज्या दिवशी गुडघा ठणकतो, त्या दिवशी तिला कुणीतरी सांगायला हवं की आज कमी कर, पण सोडू नकोस. ते सांगायला मी तिथे नसते.

म्हणून अ‍ॅपकडे वळले. मागे घरी गेले तेव्हा काही उतरवून पाहिली. एक अ‍ॅप कॅमेऱ्याने हालचाल मोजणारं होतं. फोन स्टुलावर डब्याला टेकवून उभा केला. माजघरात उजेड कमी आणि आई साडीत. ती पाय उचलायची, पण आकडा काही पुढे सरकायचा नाही. मग तो सरकावा म्हणून ती पाय झटक्याने आणि आणखी वर उचलायला लागली, तेव्हा मी ते लगेच बंद केलं. दुसऱ्या अ‍ॅपमधली बाई इतकं भरभर इंग्रजी बोलत होती की आईला फक्त आकडे कळले. तिसऱ्यात हिंदी होतं, ते आईला चाललं असतं, पण सगळ्यांना एकच ठरलेला कार्यक्रम, आणि त्यात जमिनीवर गुडघे टेकून करायचे प्रकार. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की वाय-फाय जातं आणि मोबाइलचं नेट अंगणाच्या कोपऱ्यातच येतं.

तर, मराठीत बोलणारं, नेटशिवाय चालणारं असं काही कुणी वापरलं आहे का? फिजिओने ठरवून दिलेलेच व्यायाम अ‍ॅपमध्ये टाकता येतात का? आणि मला सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न: व्यायाम करताना किती दुखलं तर चालतं? आईला हे कुणी नीट सांगितलं असतं तर तिने व्यायाम अर्ध्यात सोडले नसते असं मला वाटतं.

फिजिओ_नाशिक

रानजाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरी व्यायाम सुटतात ते बहुतेक याच ठिकाणी.

दुखणं ० ते १० मध्ये मोजायला शिकवा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होणार नाही इतकं. व्यायामाच्या वेळी २ पर्यंत निर्धास्त राहावं, ५ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर तो प्रकार हलका करायचा: पायाला बांधलेलं वजन असेल तर काढा, पाय कमी उंच उचला, वेळा कमी करा. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची, बंद नाही करायचं. सुरुवातीला थोडं दुखणं वाढणं अपेक्षितच असतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रुग्णाला हे आधीच सांगावं असं म्हटलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण दुखल्यावर सांगून उपयोग होत नाही, तोवर मनात "झीज वाढली" हे बसलेलं असतं.

मात्र गुडघा अचानक सुजून गरम आणि लाल झाला, ताप आला, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर अ‍ॅप बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल तरीही.

आता अ‍ॅपबद्दल. आम्हा फिजिओंसाठी वेगळ्या प्रणाली असतात, उदाहरणार्थ फिजिट्रॅक. आम्ही त्यातून पेशंटसाठी व्यायाम निवडतो, वेळा ठरवतो, आणि पेशंटच्या फोनवर फिजिअ‍ॅपमध्ये ते व्हिडिओसकट दिसतात. तिने केलं का, किती दुखलं, हे नोंदवलं की आम्हाला कळतं. आईच्या फिजिओंना विचारून बघा, असं काही वापरत असतील तर तुमचं अर्धं काम झालं. वापरत नसतील तरी त्यांच्या व्यायामात बदल करू नका. अ‍ॅपमधला तयार कार्यक्रम आईच्या उजव्या गुडघ्याला ओळखत नाही.

आणि सगळे प्रकार रोज करायची गरज नसते. बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा नीट झाले तरी पुरतात, मधले दिवस चालणं आणि स्नायूंना हलका ताण देणं (स्ट्रेचिंग). रोजच्या सक्तीने माणसं कंटाळतात. फरक जाणवायला ६ ते १२ आठवडे लागतात, हेही आईला आत्ताच सांगून ठेवा.

सह्यवारा

फोनच्या बाजूने माझी भर. मराठी बोलणारं तयार अ‍ॅप शोधण्यापेक्षा मी बाबांसाठी साधं इंटरव्हल टायमर अ‍ॅप वापरलं. त्यात पायऱ्या आपणच भरायच्या: "उजवा पाय सरळ उचला", ५ सेकंद, "हळू खाली", ५ सेकंद, "विश्रांती", अर्धा मिनिट. काही टायमर पायरीचं नाव फोनच्या आवाजात वाचून दाखवतात, निवडताना तेवढं तपासा. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज सेटिंग्जमधून फोनमध्ये उतरवून ठेवता येतो, म्हणजे नेट नसलं तरी बोलतो. देवनागरीत लिहिलं तर उच्चार बरा येतो, रोमनमध्ये लिहिलं तर गोंधळ.

आठवण वाजत नाही ही तक्रार पुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद पाडली जातात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीला "अनरिस्ट्रिक्टेड" करा, काही फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" वेगळं चालू करावं लागतं. किंवा सरळ घड्याळाचा गजर लावा, तो सहसा दगा देत नाही.

कॅमेऱ्याचं जे झालं त्यात आईचा काही दोष नाही. ती अ‍ॅप खुबा, गुडघा आणि घोटा चित्रातून ओळखून कोन काढतात. साडीच्या घोळात गुडघा दिसतच नाही. सलवार घालून, खिडकीचा उजेड समोरून घेऊन, बाजूने उभं राहिलं तर मोजणी सुधारते. पण केवळ अ‍ॅपला दिसावं म्हणून आईने कपडे बदलायचे, हे मला पटत नाही. आणि व्यायामाच्या टायमरला कॉन्टॅक्ट्स किंवा लोकेशन कशाला लागतं? मागितलं तर नकार द्या.

सुमनमावशी

बाळा, मी ७१ वर्षांची. माझेही गुडघे असेच. मी अ‍ॅप वापरते, मुलाने घालून दिलंय. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते दुखण्याचा आकडा लिहिणं. आधी वाटायचं रोजच दुखतंय. लिहायला लागल्यावर दिसलं की लग्नकार्यात मांडी घालून बसले, किंवा गाभाऱ्यापर्यंतच्या पायऱ्या एका दमात चढले, की दुसऱ्या दिवशी आकडा वर जातो. व्यायामाने नाही. हे कळल्यावर माझी भीती गेली. आईला विळीवर खाली बसू देऊ नकोस, ओट्यावर सुरीने चिरायला सांग. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर आधी त्याचं बघ. अ‍ॅप नंतर.

अजून एक. मुलगी विचारते "केलंस का?" तेव्हा परीक्षा घेतल्यासारखं होतं. "आज आकडा किती?" असं विचार, सांगायला बरं वाटतं.

मेलबर्नकर

इथल्या मेलबर्न विद्यापीठाचा "माय नी एक्सरसाइज" म्हणून मोफत कार्यक्रम वेबसाइटवर आहे. इंग्रजीत आहे, पण व्हिडिओ संथ आणि साधे आहेत, तुम्ही स्वतः पाहून ठेवायला चांगले. त्यावरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, २०६ माणसं, २४ आठवडे. एका गटाला फक्त माहिती, दुसऱ्याला बळ वाढवायचे व्यायाम आणि सोबत आपोआप येणारे मोबाइल संदेश. दुसऱ्या गटाचं दुखणं आणि हालचाल दोन्ही जास्त सुधारलं. मला त्यातली संदेशांची पद्धत फार आवडली. व्यायाम झाले नाहीत तर कारण विचारतात आणि त्या कारणाला धरून उत्तर येतं. दुखलं म्हणून सोडलं तर दुखण्याबद्दल, वेळ नाही म्हटलं तर वेळेबद्दल. तुम्ही हे व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः करू शकता.

अबोली२

वजनाचा विषय निघाला म्हणून: १ किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. माझ्या आईला हा एकच आकडा लक्षात राहिला आणि रात्रीचा भात अर्धा झाला.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सुमनमावशी, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. विळीबद्दल ती गप्प राहिली, पण आकडा लिहायला तयार आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवरच लिहीन म्हणाली, दुधाच्या हिशेबाशेजारी. मी हो म्हटलं. रविवारी ती पानाचा फोटो पाठवेल, तो मी फिजिओंना पुढे पाठवेन. त्यांच्याकडे पेशंटला व्यायाम पाठवायची प्रणाली नाही, पण आईचे व्यायाम तिच्याच मोबाइलवर चित्रित करून द्यायला ते लगेच तयार झाले. म्हणजे व्हिडिओत आईच असेल, तिचीच खुर्ची आणि त्यांचं मराठी. ते फोनच्या गॅलरीत वेगळ्या अल्बममध्ये राहतील, नेट लागणार नाही. सह्यवारा, टायमरच्या पायऱ्या मी इथूनच भरून पाहतेय, मराठी आवाज चांगला स्पष्ट आहे. "हळू खाली" तो अगदी नीट म्हणतो.

एक शंका राहिली. आकडे आठवडाभर २ च्या आत राहिले तर पुढे काय वाढवायचं आणि कधी, हे ती घरी कसं ठरवेल? दर वेळी क्लिनिकपर्यंत रिक्षा करून जाणं तिला जड जातं.

फिजिओ_नाशिक

चित्रीकरण करतानाच त्यांना प्रत्येक व्यायामाच्या दोन पायऱ्या करून घ्यायला सांगा, आत्ताची आणि पुढची. उदाहरणार्थ, आत्ता खुर्चीच्या हातांना धरून उठ-बस, पुढे हात छातीवर ठेवून. आत्ता नुसता पाय सरळ उचलणं, पुढे घोट्याला अर्ध्या किलोची पट्टी. एका वेळी एकच व्यायाम पुढे न्यायचा, सगळे नाहीत, म्हणजे दुखलं तर कशाने ते कळतं. दोन आठवडे आकडा २ च्या आत आणि सकाळी गुडघा नेहमीसारखा असला की एक पायरी वर. ५ च्या वर गेला की तेवढाच व्यायाम एक पायरी खाली.

महिन्यातून एकदा ३० सेकंदांत हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजा. आईला सुरुवातीला हात लावल्याशिवाय उठता आलं नाही तर शून्य लिहा, काही बिघडत नाही. दर वेळी तीच खुर्ची, भिंतीला टेकवून, आणि मोजताना तुम्ही व्हिडिओ कॉलवर असा.