'नीचीचा' की 'नीच'? आणि हे जामित्र काय प्रकरण आहे?

मेथीची_जुडी:
मंडळी, जरा घरगुती भानगड आहे. पुतण्याच्या मुलीचं टिपण आमच्या गावच्या गुरुजींनी करून दिलं, हाताने लिहिलेलं, मागे कुंडली मांडलेली. मुलगी २०२१ च्या सप्टेंबरअखेरची, रात्री सव्वादोनच्या सुमाराची, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) कर्क. त्यात एक ओळ आहे, "जामित्रे नीचो जीवः वक्री च". पुतण्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. त्याची बायको इंदूरची, देवनागरी तिला येतंच, तिने वाचलं 'नीच जीव'. झालं! माझ्या लेकीला नीच जीव म्हणतात म्हणजे काय, असं विचारायला थेट मला फोन. मी म्हटलं अगं जीव म्हणजे गुरू, बृहस्पती, तर ती म्हणते मग गुरू नीच कसा असेल, देवांचा गुरू ना तो? इथे माझी बोलती बंद. आता तिला तो कागद साध्या मराठीत उतरवून द्यायचाय, पुढे हिंदीत ती करून घेईल. मी 'सप्तमात (म्हणजे सातव्या घरात) नीचीचा गुरू' लिहिणार होते, माहेरी सगळे तसंच म्हणायचे, तर नणंद म्हणते 'नीचीचा' हा शब्दच नाही, 'नीच राशीतला' लिही. कोण बरोबर?

बोरूबहाद्दर:
नणंदबाईंना सांगा शब्द आहे आणि चांगल्या जुन्या घडणीचा आहे. उच्चीचा, नीचीचा, स्वगृहीचा ही एकाच घरातली भावंडं. यातली ई सप्तमीची आहे. स्वगृही म्हणजे स्वतःच्या घरात, त्याला चा लागून स्वगृहीचा. मनीचा, वनीचा, स्वर्गीचा म्हणतो तसंच. म्हणजे नीचीचा गुरू म्हणजे नीच गुरू नव्हे, नीच स्थानी बसलेला गुरू. दोष जागेचा, बसणाऱ्याचा नाही. सूनबाईंना हेच सांगा, व्याकरणानेच गुरूची सुटका केलेली आहे. हल्ली व्हिडिओ बघून जो तो 'तुमचा गुरू नीच आहे' म्हणत सुटलाय, ते सरळ हिंदीचं अनुकरण.

घाटमाथा:
बोरूभाऊ, हिंदीवाले 'नीच का गुरु', 'उच्च का शनि' म्हणतात, म्हणजे तेही नीचीचाच झालं की, उगाच त्यांच्यावर कशाला ढकलताय. आणि गुरुजींनी काय लिहिलंय ते बघा ना, "नीचो जीवः". सरळ विशेषण, सप्तमी-बिप्तमी काही नाही. "नीचे जीवः" किंवा नीचस्थ लिहिलं असतं तर तुमचं खरं.

बोरूबहाद्दर:
गुरुजींचं संस्कृत तपासायला मी बसलो नाही, प्रश्न मराठीचा होता.

पाटीपेन्सिल:
आमचे वडील हायस्कूलला गणित शिकवायचे. त्यांच्या निरोपसमारंभानंतर एक सहकारी हौशीने सगळ्यांच्या पत्रिका बघत बसले होते, वडिलांची बघून मोठ्यांदा म्हणाले "सर, तुमचा गुरू नीच आहे हो". वडिलांचे गुरुजी, म्हणजे ज्यांनी त्यांना शाळेत शिकवलं ते, म्हातारे, शेजारीच पेढा खात बसलेले! तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द निघाला की सगळे आधी आजूबाजूला बघतात 😀

मेथीताई, माझं मत 'नीच राशीतला' लिहा. नीचीचा बरोबर असेल पण इंदूरच्या मुलीला त्या ई मधली सप्तमी कशी कळणार, ती पुन्हा नीचच वाचणार.

शब्दवेल्हाळ:
नीच या शब्दाला शिवी आपण केलंय. मुळात नुसतं 'खाली'. पाणिनी आवाजाबद्दल म्हणतो उच्चैरुदात्तः, नीचैरनुदात्तः, त्यात अनुदात्त स्वर काही हलकट नसतो. मेघदूतातली ओळ तर सगळ्यांना पाठ असेल, "नीचैर्गच्छत्युपरि च दशा चक्रनेमिक्रमेण". बघा, नीच आणि दशा दोन्ही एका ओळीत! चाकाच्या धावेसारखी दशा खाली जाते नि वर येते. हिंदीतलं 'नीचे' हे त्याच नीचैःपासून आलं, त्यामुळे खरं तर त्या सूनबाईंच्या भाषेत तो अर्थ अजून जिवंत आहे, आपल्याकडे मेला. तिला म्हणावं जिन्याच्या नीचे जसं तसं. आणि आपला 'निचरा' पण यातलाच, पाणी खाली जातं तो निचरा.

घाटमाथा:
निचरा नीचवरून? काहीही हं. ते निथळणं-निचरणं याच्याशी जातं, नीचशी काय संबंध.

शब्दवेल्हाळ:
मग निचरणं कुठून आलं ते सांगा.

घाटमाथा:
ते मी कशाला सांगू, दावा तुमचा आहे.

तूळराशीवाला:
अर्थाकडे कुणी येणार आहे की नाही? उच्च-नीच हे अंशांचं कोष्टक आहे हो. गुरू कर्केत उच्च, ५ अंशाला परमोच्च, बरोबर समोर मकरेत नीच, ५ अंशाला परमनीच. शनी तुळेत २०, सूर्य मेषेत १०, असं प्रत्येकाचं ठरलेलं. या मुलीचा गुरू मकरेत आहे खरा पण शेवटाला, २८-२९ अंशावर, परमनीचापासून कितीतरी लांब. वर शनी त्याच घरात, मकरेत, म्हणजे स्वगृहीचा, आणि केंद्रात, म्हणजे १, ४, ७, १० यांपैकी घरात. राशिस्वामी केंद्रात म्हणून नीचभंग झाला, म्हणजे नीचपणाचा दोष रद्द. शनी स्वराशीत केंद्रात म्हणून शश नावाचा शुभ योग तो वेगळाच. शिवाय गुरू सप्तमातून लग्नाकडे बघतोय आणि लग्न कर्क, म्हणजे त्याची उच्च रास. कर्क लग्नाला तो भाग्येश (नवव्या, भाग्याच्या घराचा स्वामी) आहे, षष्ठेशही (सहाव्याचा स्वामी) आहे हे मान्य. आमच्याकडे म्हणतातच की गुरू बसतो ते स्थान बिघडवतो पण बघतो ते सुधारतो. एवढं सगळं असताना गुरुजींनी नुसतं 'नीचो' लिहून सोडून दिलं हे मला आवडलं नाही. गुरुजी घाईत असावेत, किंवा दक्षिणा कमी पडली असेल.

मेथीची_जुडी:
दक्षिणा नीट दिली होती हो 😀 बाकी हे सगळं तिला सांगते. पण नीचभंग म्हटलं की परत नीच आलंच ना. आणि जामित्र म्हणजे सप्तमस्थान एवढं कळलं, पण तो मित्र त्यात कुठून आला?

बोरूबहाद्दर:
जाया + मित्र. जोडीदाराचं स्थान, उघड आहे.

शब्दवेल्हाळ:
उघड नाही. जामित्र हा ग्रीक शब्द आहे, दियामेत्रोस, म्हणजे व्यास, म्हणजे बरोबर समोरचं. लग्नाच्या समोर सातवं घर, म्हणून जामित्र. बायको-मित्र हे आपण मागाहून बसवलं.

बोरूबहाद्दर:
आता सगळं ग्रीकांकडून आलं म्हणा. कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नाची तिथी "जामित्रगुणान्वितायाम्" आहे. कालिदास ग्रीक शिकायला गेला होता का?

शब्दवेल्हाळ:
कालिदास कशाला जायला हवा, टेबल म्हणताना आपण कुठे इंग्लंडला जातो. केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, होरा, पत्रिकेतले हे सगळे शब्द तिकडचेच आहेत. वराहमिहिराने तर राशींची ग्रीक नावंच देऊन ठेवलीत, क्रिय, तावुरि, जितुम, पाथोन, जूक, कौर्प्य. वृश्चिकाला कौर्प्य का म्हणत असतील, स्कॉर्पिओ आठवून बघा. कुणाला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, तेव्हाची माणसं आपल्यापेक्षा कमी हळवी होती.

बोरूबहाद्दर:
त्याच वराहमिहिराने होरा शब्द 'अहोरात्र' मधलं पहिलं नि शेवटचं अक्षर गाळून होतो असं सांगितलंय. ते सोयीस्करपणे विसरलात.

शब्दवेल्हाळ:
"एके वाञ्छन्ति" म्हणतो तो, म्हणजे काहींना असं वाटतं. स्वतःच्या अंगाला लावून घेतलेलं नाही त्याने. तेव्हाचे बोरूबहाद्दर असतील ते 🙂

दुर्बीणवाला:
मला पत्रिकेतलं काही कळत नाही आणि पटतही नाही, पण आकाशातलं सांगतो. त्या वर्षी गुरूची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर येणं) ऑगस्टच्या २० ला होती, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. प्रतियुतीच्या सुमाराला पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकते म्हणून तो उलटा चालल्यासारखा दिसतो, तेच तुमचं वक्री. १८ ऑक्टोबरला तो मार्गी झाला, म्हणजे परत सरळ चालायला लागला. या दिवसांत गुरू आपल्याला सगळ्यात जवळ असतो आणि सगळ्यात तेजस्वी. म्हणजे मुलगी झाली त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर वर बघितलं असतं तर चंद्र-शुक्र सोडले तर याच्याइतकं ठळक काही दिसलं नसतं. याला कागदावर नीच म्हणायचं! अजून एक, सिद्धांतग्रंथांत उच्च हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो, मंदोच्च वगैरे, ते कक्षेतल्या लांबच्या टोकाचं गणित आहे. जातकवाल्यांच्या, म्हणजे पत्रिका बघणाऱ्यांच्या, उच्चाशी त्याची गल्लत करू नका.

तूळराशीवाला:
आम्हीही वक्री ग्रह बलवानच धरतो साहेब. नीच असून वक्री असेल तर उच्चासारखी फळं देतो असं म्हणणारेही आहेत. म्हणजे तुमचं तेज आणि आमचं चेष्टाबळ (ग्रहाच्या गतीवरून धरायचं बळ) एकाच दिशेला आहे, फक्त कबूल करायला जड जातं.

दुर्बीणवाला:
कबूल करण्यासारखं काय आहे त्यात? तो बलवान बिलवान होत नाही, जवळ येतो.

कोकणकडा:
एक विचारू का? गुरू मकरेत हे कोणाच्या पंचांगाने? आम्ही रत्नागिरीकडचे, घरात टिळक पंचांग. रैवत पक्षाने (रेवती ताऱ्यावरून मोजणारे) अयनांश, म्हणजे राशींचा आरंभ वसंतसंपातापासून जितके अंश पुढे धरायचा तो आकडा, साधारण २०, तुमच्या दाते पंचांगात २४ च्या पुढे. चार अंशांचा फरक. तुमचा गुरू मकरेच्या २८-२९ ला असेल तर आमच्याकडे तो कुंभेत गेला. कुंभेत नीचीचा प्रश्नच येत नाही. विषय संपला, सूनबाईंना आनंदाची बातमी द्या.

तूळराशीवाला:
आणि लग्न? चार अंश पुढे सरकूनही कर्कच राहिलं तर कुंभेतला गुरू सातव्यातून आठव्यात जाईल की हो. अष्टमात गुरू आणि भाग्येश आठव्यात! आगीतून फुफाट्यात घातलंत बिचारीला.

कोकणकडा:
जे आहे ते आहे. गणित खुशामत करत नाही.

घाटमाथा:
पंचांग सुधारणेसाठी सरकारने नेमलेल्या साहा समितीने चित्रापक्ष (चित्रा ताऱ्यावरून मोजणारा) घेतला १९५५ मध्ये, २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला. अजून किती दिवस हे रैवत चालवणार?

कोकणकडा:
एकोणिसाव्या शतकातल्या गणिती केरोपंत छत्र्यांपासून चालवतोय, समिती नंतर आली. समितीला विचारून आमच्याकडे गणपती बसत नाही.

पाटीपेन्सिल:
तुमच्याकडे गणपती कधीकधी महिनाभर आधीच बसतो ते माहिती आहे 😀 आमची आत्या पावसला, तिच्याकडचे मोदक खाऊन परत घरचे खायला मिळायचे, त्यामुळे माझा टिळक पंचांगाला मनापासून पाठिंबा आहे.

बोरूबहाद्दर:
शब्दाचा धागा होता हा.

शब्दवेल्हाळ:
बरं शब्दावर येतो. 'वक्री' बद्दल कुणीच बोललं नाही. वक्र हे विशेषण असताना वक्री कशाला? तो जुना श्लोक आहे ना जावयाचा, "सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते । कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः". तिथे सरळ वक्रः आहे.

घाटमाथा:
जावई वक्र असतो, ग्रह वक्री होतो. ग्रह काही दिवसांनी मार्गी होतो, जावई होत नाही. भाषेने बरोबर फरक केलाय.

पाटीपेन्सिल:
😂😂 घाटमाथा, तुमचे सासरे आहेत का इथे?

आंबेमोहर:
उशिरा आले. मी गेली काही वर्षं पत्रिका टाइप करून देण्याचं काम करते, त्यामुळे अनुभवाचं सांगते, व्युत्पत्ती मला येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरमधून काढतो त्यात कोष्टकात फक्त 'नीच' छापून येतं, पुढे कंसात काही नाही, आणि स्थळांच्या वेळी मुलीकडचे बोट ठेवून विचारतात हे काय. म्हणून एक गुरुजी आमच्याकडून 'निर्बली' घालून घेतात. दुसरे म्हणतात निर्बली वेगळं, नीच वेगळं, षड्बल (ग्रहाचं सहा प्रकारचं बळ) काढल्याशिवाय निर्बली कसं लिहिणार, आणि ते खरंच आहे. तिसरे नुसतं 'नी.' लिहून घेतात, ज्याला कळायचं त्याला कळतं. मेथीताई, तुम्ही 'नी.' लिहा.

बोरूबहाद्दर:
शब्दाची लाज वाटते म्हणून त्याचं डोकं उडवून टिंब द्यायचं, हे कुठलं मराठी? उद्या 'शूद्र वर्ण', 'राक्षसगण', 'मृत्युयोग' सगळ्यांना टिंबं द्या. परिभाषा ही परिभाषा असते, ती शिकायची असते.

आंबेमोहर:
राक्षसगणाला पण 'रा.' च लिहितो आम्ही. स्थळ मोडलं तर गुणमेलनाचे पैसे सुद्धा येत नाहीत हो दादा. आणि वर्णाचं म्हणाल तर तो रकानाच बरेच जण काढायला सांगतात, आणि मला विचाराल तर बरंच करतात.

घाटमाथा:
हे मात्र पटलं. नीच शब्द आपल्या समाजात माणसांना लावला गेलाय, पिढ्यान्‌पिढ्या. तो ऐकून कुणाला टोचलं तर 'पाणिनी बघा' हे उत्तर पुरत नाही.

शब्दवेल्हाळ:
पुरत नाही, पण चूकही नाही.

तूळराशीवाला:
मेथीताई, मी असं लिहीन: "सप्तमात मकर राशीत गुरू, वक्री, शनीसह, नीचभंग". लोक नीचभंगातला भंगच ऐकतात, अनुभव आहे.

मेथीची_जुडी:
सगळ्यांचे आभार. मी तूळराशीवाल्यांचं वाक्य घेतलं, 'नीचभंग' च्या जागी 'नीचीचा दोष गेला' असं केलं, आमची नीचीचा राहिली म्हणून मला बरं वाटलं. नणंदेला पटलेलं नाही. पाठवून दिलं तिला. आता तिचा मेसेज आलाय, तिने 'शनीसह' नेटवर शोधलं, तिथे शनी 'पापग्रह' लिहिलाय, आणि ती विचारतेय की पाप कुणी केलं?

बोरूबहाद्दर:
नवीन धागा काढा.