मदत हवी आहे: गोधडीच्या पॅटर्नमध्ये कापडाचा हिशोब कसा लिहायचा?

गोधड्या बरीच वर्षं शिवतेय, आता स्वतःचं डिझाईन पॅटर्न म्हणून लिहून काढतेय म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते वाचून शिवता येईल. ब्लॉक 12 इंची, प्रत्येकात 3 इंची त्रिकोणजोड्या (दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन) 16, एकूण 35 ब्लॉक, म्हणजे बॉर्डर सोडून 60 बाय 84 इंच. शिलाईसाठी पाव इंच धरलंय, त्यामुळे चौकोन 3 7/8 इंची कापून कर्णावर कापायचे, उरेब (तिरकी कापलेली) कड ताणली जाते म्हणून ती टीपही लिहिलीये.

अडलंय ते कापडाच्या पन्ह्यावर, म्हणजे रुंदीवर. प्रत्येक रंगाचे 280 चौकोन लागतात, 44 इंची पन्ह्यात काठ आणि थोडी जागा सोडून एका पट्टीत 10 धरले तर साधारण पावणेतीन मीटर पुरतं, पण 36 इंची पन्ह्यात तसेच 8च धरता येतात आणि तेच साडेतीन मीटरवर जातं! मैत्रिणीने खण आणि हातमागाचं कापड घेतलं तर त्याचा पन्हा अजून वेगळा, शिवाय सुती कापड धुतल्यावर आटतं ते वेगळंच.

ग्राफ पेपरवर आणि एक्सेलमध्ये सगळं मांडून झालंय, इंकस्केप या मोफत चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृत्याही तयार आहेत. पेड सॉफ्टवेअर सध्या नकोय, आणि जुन्या साड्या वापरणाऱ्यांनाही हा पॅटर्न जमायला हवा ही माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांनी पॅटर्न लिहिलेत त्यांनी प्लीज सांगा, प्रत्येक पन्ह्याचे मीटर वेगळे द्यायचे की फक्त चौकोनांची संख्या आणि माप देऊन हिशोब शिवणाऱ्यावर सोडायचा? आणि आटण्यासाठी जास्तीचं किती धरता?