जपानमध्ये छोट्या लाइव्ह हाउसात बँड बघायचेत, बजेट दीड लाख, सल्ला हवा

रिव्हर्बवाली:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात गोल्डन वीकची (त्यांच्या सलग सुट्ट्यांची) गर्दी ओसरली की एकटीच जपानला जायचं पक्कं केलंय. देवळं, फुजी, डिस्नी यातलं काही नको. मला बँड बघायचेत, तेही दोनशे-तीनशे माणसं मावतील अशा तळघरातल्या लाइव्ह हाउसात. एन्व्ही, लाइट, मेल्ट-बनाना, ओतोबोके बीव्हर, ईस्टर्न यूथ हे माझे लाडके, कॉलेजपासून ऐकतेय, आता समोर उभं राहून ऐकायचंय. पुण्याहून निघणार, विमानासकट दीड लाख, त्यावर एक रुपया नाही, आठवडाभर. जपानी वाचता येत नाही. तर तिकीट कसं काढायचं, राहायचं कुठे आणि रात्री एकटीने परत येणं कसं आहे? ज्यांनी खरंच असे शो बघितलेत त्यांनी सांगा प्लीज.

सह्याद्रीवारी:
आम्ही सहकुटुंब साकुरात, म्हणजे चेरी फुलते तेव्हा, जाऊन आलो, अप्रतिम देश. दीड लाखात होत नाही हो, अडीच तरी धरा. सात दिवसांचा रेल्वे पास इथूनच घेऊन जा, बुलेट ट्रेनने टोकियो, क्योतो, हिरोशिमा सगळं होतं. बँडचं मला माहीत नाही पण हिरोशिमा सोडू नका.

निशीकसाईकर:
रेल्वे पास अजिबात घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. एका शहरात राहून शो बघणाऱ्याला त्याचा काय उपयोग? लोकल गाड्यांना साधं सुइका प्रीपेड कार्ड पुरतं.
मी टोकियोतच आयटीत आहे. छोट्या बँडसाठी इथला शिमोकिताझावा भाग, दुसरा पर्याय नाही. शेल्टर हे लाइव्ह हाउस १९९१ पासून आहे, क्लब क्यू, बेसमेंट बार, थ्री सगळं चालत. शिबुयाहून इनोकाशिरा लाइनची एक्स्प्रेस पकडली की पहिलंच स्टेशन. राहायला मात्र कोएंजी बघा, स्वस्त पडतं आणि तिथेही लाइव्ह हाउसं आहेत. फक्त शनिवार-रविवारी चुओ रॅपिड कोएंजीला थांबत नाही, पिवळ्या पट्ट्याची सोबू लोकल धरायची.

डबलबास_दादर:
एवढा खर्च करताय तर जुलैअखेर जा आणि नाएबाला फुजी रॉक फेस्टिव्हल करा की. एका तिकिटात इतके बँड. मी चिखलात उभा राहून पहाटेपर्यंत ऐकलंय, रबरी बूट तिथेच घेतले, अजून वापरतो. छोट्या हॉलात आवाज कोंडतो, ड्रम सोडून काही ऐकू येत नाही.

रिव्हर्बवाली:
दादा, फेस्टिव्हल नकोय, छोट्याच जागा हव्यात असं वर लिहिलंय. आणि जुलैत सुट्टी नाही.

सदाशिव_फझ:
आवाज कोंडतो हे साफ चूक. तिथल्या तळघरांतले साउंडवाले हातखंडा असतात, दोनशे लोकांच्या खोलीत बासची प्रत्येक नोट सुटी ऐकू येते. इअरप्लग मात्र न्याच.
आता तिकीट. मोठ्या तिकीट साइटांना जपानी मोबाइल नंबर लागतो, त्यावर कोड येतो. मला एका साइटने सगळी माहिती भरून घेतली आणि शेवटच्या पानावर नंबर मागून अडवलं, तो शो गेलाच. नावाजलेल्या बँडची तिकिटं वर आणि लॉटरीने निघतात. पण छोट्या शोसाठी तोरिओकी चालतं: बँडच्या साइटवर फॉर्म असतो नाहीतर ईमेल, त्यात तारीख, तुमचं नाव, किती जण एवढं लिहायचं. दारात नाव सांगून आगाऊ दरानेच पैसे द्यायचे. त्या दिवशी आयत्या वेळी गेलात तर बहुतेक ठिकाणी ५०० येन जास्त. ३,००० ते ४,००० येन तिकीट, वर ड्रिंकचे ६०० येन सक्तीचे, म्हणजे एक शो अडीच हजार रुपयांच्या आसपास. दीड लाखात आरामात बसतं, घाबरवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

ठाणेकर_मी:
शिमोकिताझावाला जा, तिथे खूप लाइव्ह हाउसेस आहेत. शेल्टर चांगलं आहे असं ऐकलंय.

अन्नपूर्णा७:
व्हेज आहात का? माशाचा रस्सा सगळ्यात असतो, नूडल्समध्येसुद्धा. मी थेपले आणि मेतकूट नेलं होतं, तेवढ्यावर दिवस काढले.

निशीकसाईकर:
अहो व्हेज मिळतं आता, टोकियोत भारतीयांची वस्ती असलेल्या निशी-कासाईत तर मराठी घरचा डबासुद्धा मिळेल.

अन्नपूर्णा७:
निशी-कासाईत मिळतं म्हणून सगळीकडे मिळतं असं नाही. क्योतोत मी देवळाबाहेर तोफू सोडून काही खाल्लं नाही.

रिव्हर्बवाली:
मी सगळं खाते. रात्रीच्या परतीचं कोणी सांगेल का?

कामोगावा:
मी क्योतोत शिकायला होते, दर आठवड्याला शो. रात्रीची भीती काढून टाका. शो साडेसहा-सातला सुरू होतो, साडेनऊपर्यंत आटपतो, शेवटची गाडी बाराच्या सुमाराला, भरपूर वेळ असतो. मी एकटीच असायचे आणि माझ्यासारख्या एकट्या आलेल्या मुली निम्म्या तरी असायच्या.
दारात काय होतं ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तिकिटावर नंबर असतो. लोक जिन्याबाहेर फुटपाथवर घोळक्याने उभे, स्टाफमधलं कोणीतरी कागद घेऊन नंबर पुकारतं, आपला पुकारला की पुढे व्हायचं. तेव्हा हजर नसलात तर नंबर गेला, नंतर जे आत जातील त्यांच्या मागून. म्हणून जपानी आकडे शंभरपर्यंत पाठ करा, बाकी भाषा नाही आली तरी चालेल. तोरिओकी असेल तर दारात विचारतात, आज कोणत्या बँडसाठी आलात? नाव स्पष्ट सांगा, कारण त्याच मोजणीवर बँडला पैसे मिळतात आणि ठरलेली तिकिटं खपली नाहीत तर पुष्कळ ठिकाणी उरलेली रक्कम बँडच खिशातून भरतो. ड्रिंकचे सहाशे येन सुटे ठेवा. बॅग लॉकरमध्ये टाका. फोटोचं बँडगणिक वेगळं असतं, बोर्ड बघा.
आणि संपल्यावर पळू नका. एकदा गिटारवाल्याने स्वतःच केबल गुंडाळल्या, पेडलबोर्डची पेटी बंद केली, गळ्यातला टॉवेल तसाच ठेवून टेबलामागे येऊन टीशर्ट विकायला बसला. मी सीडी घेतली, भारतातून आलेय म्हटल्यावर ड्रमरला हाक मारून बोलावलं. यासाठीच छोटी जागा.

सदाशिव_फझ:
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धागाकर्तीला एक सांगतो, यादीतले बँड आधी तपासा. मेल्ट-बनाना लांबच्या लांब अमेरिका दौऱ्यावर असतात, ओतोबोके बीव्हरही बाहेर फिरत असतात. तुम्ही टोकियोत आणि ते तिकडे असं नको. वेळापत्रक आलं की मगच विमानाचं तिकीट काढा.

डबलबास_दादर:
शिवाय एन्व्ही १९९२ पासूनचा बँड, त्यांना छोटं म्हणणं चूकच.

सदाशिव_फझ:
बँड छोटा असं कोण म्हणालं? जागा छोटी.

निशीकसाईकर:
+१, वेळापत्रकाची वाट बघा. आणि टोकियोच. शिंजुकू लॉफ्ट हे लाइव्ह हाउस १९७६ चं आहे, १९९९ मध्ये काबुकिचोला आलं, ते बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

रिव्हर्बवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलं. टोकियो नाही. कान्साई विमानतळावर उतरणार, तिथून नानकाई लाइनने थेट ओसाकातलं नाम्बा, पूर्ण आठवडा ओसाका-क्योतो. नाम्बात बेअर्स लाइव्ह हाउस आहे, ते यामामोतो सेइची बघतात, बोरडम्स बँडमध्ये गिटार वाजवायचे ते. क्योतोत ताकुताकु, १९७४ पासून जुन्या साकेच्या वखारीत. दोन शहरांमध्ये हांक्यू लाइन, पाऊण तासाची. विमानाचं तिकीट काल काढलं, वेळापत्रकाची वाट न बघता. यादीतलं कोणी त्या आठवड्यात असेल तर उत्तम, नसेल तर त्या रात्री जो बँड असेल तो. ओतोबोके बीव्हर ज्या क्योतोत घडल्या तिथल्या दुसऱ्या कोणाला तरी दोनशे लोकांत ऐकायचंय मला.

निशीकसाईकर:
टोकियोत एका रात्री जेवढे शो होतात तेवढे तिथे आठवड्यात होत नाहीत. पुन्हा विचार करा.

सह्याद्रीवारी:
ओसाकाहून हिरोशिमा जवळ आहे.

कामोगावा:
छान केलंत. ताकुताकुला कावारामाची स्टेशनहून चालत जा, दहा मिनिटं. व्हिसाचं एक लक्षात ठेवा: एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा आहे, अर्ज व्हीएफएस या व्हिसा केंद्राकडेच. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून साइटवरूनच दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे चेक-इनच्या रांगेत फोन चार्ज असू द्या.