गोगोलची 'डेड सोल्स' वाचण्याआधी काय माहीत हवं?

कळवेकर:
आमचा वाचनगट महिन्यातून एकदा ठाण्यात तलावपाळीला जमतो. यंदा रशियन लेखक गोगोलची कादंबरी 'डेड सोल्स' घेतली आहे. साठेक पानं झाली. चिचिकोव्ह नावाचा गृहस्थ जमीनदारांच्या दारोदार फिरून मेलेली माणसं विकत मागतोय आणि समोरचे चक्क भाव करतायत! याला फँटसी समजायचं का?

उथळसर_तलाठी:
फँटसी अजिबात नाही, सगळा दप्तराचा मामला आहे. माझी नोकरी महसुलात गेली, त्यामुळे मला ही कादंबरी पहिल्या वाचनातच पटली.

कादंबरी १८४२ची. तेव्हा रशियात भूदास जमीनदाराच्या मालकीचे असत. ती पद्धत १८६१ साली उठली. डोईपट्टी दर पुरुषामागे, आणि यादीतल्या अशा एका माणसाला म्हणायचे 'आत्मा'. गणती मात्र कित्येक वर्षांनी व्हायची. मधल्या काळात कुणी वारला तरी पुढच्या गणतीपर्यंत तो कागदावर जिवंतच, आणि त्याची पट्टी मालकाच्या माथी. म्हणून विकणाऱ्याला हायसं वाटतं. चिचिकोव्हचा हिशोब पुढचा: हेच 'आत्मे' सरकारी संस्थेकडे गहाण टाकून डोईमागे २०० रुबल उचलायचे. खरेदीखत मात्र रीतसर!

आपल्याकडे खातेदार वारला की वारसांची नावं लागतात आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस होतो. एकदा एक बाई नवा उतारा घ्यायला आल्या. कंसातल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊसाहेब, विहीर यांनी एकट्यानं खणली होती." उताऱ्यावर विहिरीची नोंद होती, खणणाऱ्याची कुठे असणार? कादंबरीतला जमीनदार सोबाकेविच आपल्या मेलेल्या माणसांचे गुण सांगत भाव चढवतो, मिखेयेव बग्ग्या कशा बनवायचा, सुतार स्तेपान केवढा ताकदीचा, तिथे मला त्या बाई आठवल्या. डोईमागे शंभर रुबलपासून सुरू होऊन सौदा अडीचवर तुटतो. हसू येतंच, पण ती नावं डोक्यातून जात नाहीत. सातव्या प्रकरणात चिचिकोव्ह स्वतः याद्या घेऊन बसतो आणि ही माणसं कशी जगली असतील याचा विचार करतो. ते प्रकरण घाईत वाचू नका.

घणसोली_वाचक:
दादांनी मुद्द्याचं सांगितलं. हुद्द्यांचंही बघून ठेवा. पीटर द ग्रेटने १७२२ साली १४ श्रेणींचा तक्ता घालून दिला होता. कोण कुणापुढे किती वाकतो ते त्यावर ठरतं. आडनावंही बोलकी आहेत: सोबाका म्हणजे कुत्रा, कोरोबोच्का म्हणजे छोटी पेटी. आणि मॉस्कोच्या सेन्सॉरने नावालाच हरकत घेतली होती, आत्मा अमर असताना 'मृत आत्मे' कसे म्हणून!

कळवेकर:
आता जमीनदारीण कोरोबोच्काबाई समजल्या. अठरा 'आत्मे' पंधरा रुबलला देऊन टाकते आणि तरी तिला धाकधूक, बाजारभाव जास्त तर नसेल? दादा, तुम्ही या रविवारी तलावपाळीला याल का? सातवं प्रकरण तुमच्याकडूनच वाचून घ्यायचं आहे.

उथळसर_तलाठी:
येतो. साडेपाचला, तिथेच मासुंदा तलावाच्या काठी.