चर्चा: ऑक्सिजन सेन्सर घरी बदलायचा का गॅरेजलाच द्यायचा?

पाथरीकर_पेट्रोल
मंडळी, मत आधीच सांगतो, मग घाला शिव्या. गाडी २०१६ ची, पेट्रोल. चेक इंजिनचा दिवा लागला. ओबीडीच्या (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचायच्या) सॉकेटला ब्लूटूथवालं यंत्र लावून पाहिलं तर कोड पी०१३५. म्हणजे कॅटच्या (सायलेन्सरच्या लाईनीतला धूर साफ करणारा डबा) आधी बसलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरची लाईन बिघडलीय. यासाठी संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला जा, दिवस घालवा, वर ‘सर, इंजेक्टर क्लीनिंग पण करून टाकू का’ ऐका. काम आहे केवढं? कनेक्टर काढा, २२ चा पाना लावा, जुना फिरवून काढा, नवा बसवा. आपल्याकडं लोक विहिरीतली मोटर घरीच उतरवतात आणि सेन्सरला काहून भितात?

वाळूजचा_फिटर
भाऊ, सेन्सरला कोण भितंय? भीती आट्यांची आहे. दहा वर्षं उष्णता खाल्लेल्या सायलेन्सरमध्ये तो सेन्सर गंजून बसलेला असतो. थंड इंजिनवर जोर लावला की सेन्सरसोबत आटे पण बाहेर येतात. मग आटे पाडायचा १८ बाय दीडचा टॅप शोधत फिरा, नाहीतर मॅनिफोल्ड (इंजिनला जोडलेला धुराचा पाईप) उतरवा. आमच्याकडं अशा गाड्या टोचन करून येतात अन् मालक म्हणतो, ‘थोडंच राहिलं होतं.’ दुसरं म्हणजे कॅटच्या मागचा दुसरा सेन्सर गाडीच्या खाली असतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, नाहीतर जाऊच नका.

पाथरीकर_पेट्रोल
फिटरभाऊ, माझ्या गाडीत पुढचा सेन्सर बोनेट उघडलं की समोर दिसतो, खाली जायचं कामच नाही. आदल्या रात्री आट्यांवर डब्ल्यूडी-४० मारायचं, सकाळी गाडी थोडी चालवून कोमट असताना काढायचं. वायर जायला फट असलेला सॉकेट वापरला तर पाना घसरत पण नाही.

लातूरची_मास्तरीण
तुम्ही दोघं पाना आणि आट्यांवर भांडताय, सेन्सर खरंच गेलाय का हे कुणीच विचारलं नाही. कोड कोणत्या सर्किटची तक्रार आहे तेवढंच सांगतो. त्या सर्किटात फ्यूज येतो, वायर येते, कनेक्टर येतो. ऊसपट्ट्यात गाडी उभी करणाऱ्यांना उंदीर काय करतात ते वेगळं सांगायला नको.

आधी फ्यूज बघा. मग कनेक्टर काढून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा (चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा या दोन एकाच रंगाच्या असतात). काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, काहीच दाखवलं नाही तर गेला. मग गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर चावी चालू करून १२ व्होल्ट येतात का ते बघा. एवढं झाल्यावर पैसे खर्च करा.

आणि पी०१७१ आला म्हणून सेन्सर बदलणाऱ्यांचा तर मला रागच येतो. तो कोड म्हणतो मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पुढच्या सेन्सरच्या आधी सायलेन्सर कुठं फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सर पण तेच सांगतो. नवा बसवला तरी तेच सांगणार.

वाळूजचा_फिटर
ताई, हे शंभर टक्के. पण हे सगळं करणारा मालक मी अजून पाहिला नाही.

लातूरची_मास्तरीण
मीटर लावणारं गॅरेज तरी कुठं पाहिलंय तुम्ही? आमच्याकडं स्कॅनर लावतात, कोड वाचतात अन् पार्टची किंमत सांगतात. तेवढंच करायचं तर घरी केलेलं काय वाईट?

जालना_लोखंडी
एवढा कशाला विचार करता राव. पी०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड) आला तर माझ्या ओळखीचा सायलेन्सरवाला कॅटच काढून टाकतो, सरळ पाईप मारतो. गाडी मोकळी पळते आणि जुन्या कॅटचे वरून पैसे मिळतात.

लातूरची_मास्तरीण
पैसे मिळतात कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, तो काही उपकार करत नाही. कॅट काढल्यावर मागच्या सेन्सरला पुढच्यासारखाच वर-खाली होणारा सिग्नल मिळतो, म्हणजे दिवा कायमचा. मग त्याला फसवायला नवीन जुगाड. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही.

वाळूजचा_फिटर
जालनाभाऊंना एक विचारा, गाडी मोकळी पळते हे मोजलं कशानं? मागचा सेन्सर मुख्यतः कॅटवर नजर ठेवायला असतो. तो गेला म्हणून मायलेज धाडकन पडत नाही. मायलेजचा हिशोब पुढच्याकडं. इंजिन तापल्यावर साध्या झिरकोनियावाल्या पुढच्या सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा नाचला पाहिजे, मागचा बऱ्यापैकी स्थिर. दोन्ही सोबत नाचले तर कॅटवर संशय घ्या. लोक दोन्ही सेन्सर जोडीनं बदलतात, त्याची बहुतेक वेळा गरज नसते.

नांदेड_एलपीजी
एक राहिलं. बाहेरून गॅस किट बसवलेली गाडी असेल तर किटवाल्यानं सेन्सरची सिग्नल वायर कुठं कापलीय ते आधी शोधा. चिकटपट्टीखाली हमखास सापडते. आणि ऑनलाइन मिळणारा ‘सगळ्या गाड्यांना चालतो’वाला सेन्सर घेऊ नका, त्याला जुना कनेक्टर जोडावा लागतो. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत घेतात. तिथं सोल्डर मारलं की वाट बंद.

पाथरीकर_पेट्रोल
मीटर लावला. हीटर काहीच दाखवत नाही, फ्यूज ठीक, १२ व्होल्ट येतात. म्हणजे सेन्सरच गेलाय, ताई. आता तरी घरी बदलू द्याल का?

लातूरची_मास्तरीण
आता खुशाल बदला.

वाळूजचा_फिटर
बदला, पण नव्या सेन्सरच्या आट्यांना आधीच ग्रीस लावलेलं असेल तर वरून आणखी थापू नका, आणि टोकाला तर अजिबात लागू देऊ नका. सिलिकॉनवाला स्प्रे पण जवळ नको, सेन्सर बाद होतो. आधी हातानं पूर्ण आटे बसवा, मगच पाना लावा. कोमट असताना काढताना अडकला तर थांबा, गरम करून काढून देतो मी.

पाथरीकर_पेट्रोल
अडकला तर येतो. फट असलेला २२ चा सॉकेट परभणीत कुणाकडं भाड्यानं मिळतो का?

नांदेड_एलपीजी
भाड्यानं कोण देतंय? विकत घ्या, मग सगळी गल्ली तुमच्याकडं मागायला येईल.