क्रूझचं बुकिंग: गावातला एजंट की थेट कंपनी?

तापीकाठ (भुसावळ)

आई-बाबांच्या लग्नाला फेब्रुवारीत चाळीस वर्षं होतात. आम्ही आठ जण सिंगापूरला जाऊन तिथून क्रूझ करणार: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. बाबा म्हणतात, जळगावच्या एजंटकडे देऊन टाक, डोक्याला ताप नको. मी म्हणतो, थेट कंपनीच्या साइटवर करू. घरात दोन तट पडलेत म्हणून इथं विचारतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: एजंट नको.

दोन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा अशी छोटी क्रूझ एजंटकडून केली होती. 'सी व्ह्यू देतो' असं तो तोंडी म्हणाला. व्हाउचर नीट वाचायची अक्कल मला तेव्हा नव्हती. केबिनमध्ये शिरल्याबरोबर आईनं पिशवी पलंगावर टाकली आणि समुद्र बघायला पडदा ओढला. मागं आरसा. तिनं दुसऱ्या बाजूनं पडदा ओढून पाहिला, तिकडंही आरसाच. मग म्हणाली, "चला, आपलंच तोंड बघू." ती हसली, पण मला रात्रभर झोप नाही. एजंटला फोन केला तर "साहेब, ती गॅरंटी केबिन होती." गॅरंटी कशाची, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

साइटवर डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्याचा, नकाशा दिसतो, केबिनचा नंबर आपण निवडतो, पैसे थेट कंपनीला जातात. मग मध्ये दुकान कशाला?

टूरवाला (जळगाव)

माझा हाच धंदा आहे, तेव्हा माझं बोलणं एका बाजूचं धरून चाला.

गॅरंटी म्हणजे केबिनचा प्रकार पक्का, नंबर कंपनी शेवटी शेवटी देणार. म्हणून ती थोडी स्वस्त पडते. इंटीरियरची, म्हणजे बिनखिडकीच्या आतल्या केबिनची, गॅरंटी घेऊन तुम्हाला सी व्ह्यू सांगितलं असेल तर ती फसवणूकच. त्या माणसाची बाजू मी घेणार नाही.

पण 'मध्ये दुकान कशाला' याचं उत्तर ऐका. कंपनी आम्हाला मूळ भाड्यावर कमिशन देते, पोर्ट चार्जेस आणि टॅक्सवर देत नाही. तुम्ही साइटवर बुक केलं म्हणून ते कमिशन तुमच्या खिशात येत नाही, कंपनीकडंच राहतं. भाडं बहुतेक वेळा तेच असतं. उलट मोठे एजंट काही केबिन आधीच्या भावानं धरून ठेवतात. भाव वर गेल्यावरही त्यातली मिळाली तर फायदा तुमचाच. आणि शेवटचा हप्ता भरायच्या आधी भाव उतरला तर बऱ्याच कंपन्या नवा भाव लावून देतात, फक्त कुणीतरी मागावा लागतो. रोज साइट उघडून कोण बघणार? तुम्ही?

नकाशाचंही तेच. तुमच्या केबिनच्या डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. नकाशात ते दिसतं, पण दोन डेक एकावर एक ठेवून बघावे लागतात. पहिल्यांदा जाणारा फक्त आपला डेक बघतो. आई-बाबांना मळमळेल अशी भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या बाजूची केबिन घ्या. पुढच्या टोकाला आणि वर हेलकावा जास्त लागतो.

चाळीसगाव_लोकल (सध्या पुणे)

तापीकाठशी शंभर टक्के सहमत. ज्याला आयआरसीटीसीवर तत्काळ काढता येतं, त्याला क्रूझ बुक करता येते. त्यापेक्षा अवघड काहीच नाही.

टूरवाले दादांनी एक गोष्ट गाळली. एजंटमार्फत बुकिंग केलं की ते त्याच्या ताब्यात राहतं. तारीख बदलायची, केबिन बदलायची, काहीही असो, कंपनी म्हणते "तुमच्या एजंटशी बोला". गेल्या दिवाळीत आम्हाला एक केबिन वाढवायची होती. साइटवर रिकामी दिसत होती, कंपनीला फोन लावला तर हेच उत्तर. आणि एजंट साहेब लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत फोन बंद करून बसलेले! पाडव्याला केबिन गेली.

केळीवाला (रावेर)

चाळीसगावकर, तुमचं तत्काळ तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोरानंही असंच "पप्पा, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून थेट बुकिंग केलं होतं.

माझ्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरी आहे, नाव-वडलांचं नाव-आडनाव सगळं एकाच रांगेत छापलंय. जुन्या लोकांच्या पासपोर्टात असं पुष्कळदा सापडतं. साइटला आडनाव पाहिजेच. पोरानं टाकलं पाटील, आणि नावाच्या रकान्यात फक्त पहिलं नाव. म्हणजे पासपोर्ट एक बोलतो, तिकीट दुसरंच. हे लक्षात आलं निघायच्या बारा दिवस आधी.

कंपनीचा नंबर परदेशातला, त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. आमच्याकडं त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. मी विहिरीपाशी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल स्पीकरवर, अन् त्यातून वाजून राहिलं ते पिपाणीचं म्युझिक. पाऊण तास. थ्री फेज आली, मोटार चालू केली, तरी म्युझिक चालूच. शेवटी बाई बोलली तर तिचं इंग्रजी मला समजेना, माझं तिला. पोराला झोपेतून उठवून फोन दिला. काम झालं, पण तिसऱ्या रात्री.

हेच दुकानात असतं तर मी सकाळी स्कूटर काढून त्याच्या टेबलावर जाऊन बसलो असतो. चहा पण पाजला असता त्यानं.

धुळ्याची_वकीलबाई (धुळे)

भाऊ, टेबलावर बसून चहा मिळतो, पैसे मिळतीलच असं नाही.

माझ्या नणंदेची केस सांगते. एजंटचं नाव घेत नाही, तडजोड झाली आहे. तिनं जानेवारीत पूर्ण रक्कम भरली. एजंटनं कंपनीला फक्त डिपॉझिट भरलं आणि बाकीचे पैसे दुसऱ्या कुणाच्या विमान तिकिटांत फिरवले. शेवटच्या हप्त्याची तारीख गेली आणि कंपनीनं केबिन सोडून दिली. नणंदेच्या हातात काय? एजंटच्या छापील लेटरहेडवर 'कन्फर्म'. कंपनीचा बुकिंग नंबर त्यावर नव्हता, आणि तो असायला हवा हे तिला माहीत नव्हतं. आमच्याकडं म्हणतात ना, पैसा बी गया, जहाज बी गयं.

म्हणून वाद एजंट की थेट हा नाहीच. पैसे कुणाच्या खात्यात जातात, हे बघा.

आता कायद्याचं. भारतात विकणाऱ्यानं गंडवलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ या नंबरवर आधी फोनवरही तक्रार नोंदवता येते. थेटवाल्यांनी मात्र परदेशी साइटवर 'आय अ‍ॅग्री' दाबण्याआधी करार वाचावा. काही मोठ्या अमेरिकन क्रूझ कंपन्यांच्या करारात दावा मायामीच्या कोर्टातच करायचा असं लिहिलेलं असतं. धुळ्याहून मायामीला कोण जाणार?

टूरवाला (जळगाव)

ताई, एकानं शेण खाल्लं म्हणून सगळ्यांच्या तोंडाला वास येत नाही. आणि कंपनीच बुडाली तर? २०१९ मध्ये मुंबईहून जलेश क्रूझेस सुरू झाली होती, २०२० मध्ये बंद पडली. तिची कर्णिका बोट भंगारात निघाली, अलंगला गेली. साइटवर पैसे भरा नाही तर दुकानात, जहाजच राहिलं नाही तर काय करणार?

धुळ्याची_वकीलबाई (धुळे)

अगदी बरोबर. म्हणूनच क्रेडिट कार्डानं भरा म्हणते. सेवा मिळाली नाही तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो. तुमच्या करंट अकाउंटला आरटीजीएस केल्यावर काय मागायचं?

चाळीसगाव_लोकल (सध्या पुणे)

😂 दादा, उत्तर द्या.

मिरची_मार्केट (नंदुरबार)

मी सीएच्या ऑफिसात आहे. दोन्ही बाजूंचा हिशोब कुणीच पूर्ण मांडला नाही.

परदेशी साइटवर डॉलरमध्ये भरलं तर कार्डाचं मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, लागतं. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. चार लाखांवर १६,५२० रुपये गेले. ते परत येत नाहीत. मार्कअप कमी असलेली कार्डं आहेत, आधी आपलं बघून घ्या. साइट रुपयांत भाव दाखवत असेल तर ती कोणत्या दरानं बदलते तेही तपासा.

एजंटकडून विमान, हॉटेल, क्रूझ असं परदेशी पॅकेज घेतलं की त्याला टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यायचा आयकर, कापावाच लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता, २०२५ च्या एप्रिलपासून ही सीमा दहा लाखांवर गेली होती. दर बदलत असतात, भरायच्या दिवशी विचारून घ्या. लोक याला एजंटची लूट समजतात. तसं नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो.

आता खरी गंमत. आपल्याकडं पुष्कळ जणांचं उत्पन्न निव्वळ शेतीचं, ते रिटर्न भरतच नाहीत. पॅकेज बाबांच्या नावावर, पॅन बाबांचा, टीसीएस बाबांचा, आणि रिटर्न नाही. मग ते पैसे सरकारकडंच पडून राहतात. दर जुलैत एक तरी असा काका आमच्याकडं येतो. रावेरवाले भाऊ, तुमचं काय झालं होतं?

केळीवाला (रावेर)

माझ्याकडून कुणी कापला नाही. अन् कापला असता तर मला कळलंही नसतं.

मेहरूण_बोटिंग (जळगाव)

आमचं क्रूझ म्हणजे मेहरूण तलावातली बोट. एजंट नाही, साइट नाही, केबिन नाही, तिकीट खिडकीवर. चारही बाजूंनी सी व्ह्यू.

मुद्द्याचं विचारतो, जैन जेवणाचं काय? आमच्याकडं निम्मे लोक कांदा-लसूण खात नाहीत.

टूरवाला (जळगाव)

बुकिंगमध्ये स्पेशल मील म्हणून आधी टाकावं लागतं. जहाजावर चढून सांगितलं तर सॅलड आणि फळांवर भागवावं लागेल. आणि 'व्हेज' एवढंच लिहू नका, कांदा, लसूण, बटाटा नको असं एकेक नाव घालून लिहा. थेट बुक करणाऱ्यांनी ही विनंती ईमेलनं पाठवावी आणि उत्तराची प्रिंट खिशात ठेवावी.

सिंगापूरच्या व्हिसासाठी तुम्हाला तसंही अधिकृत व्हिसा एजंटकडंच जावं लागेल. जहाज फुकेतहून परत सिंगापूरला येणार, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, एवढं डोळ्यांनी वाचा.

चाळीसगाव_लोकल (सध्या पुणे)

व्हिसा एजंटकडून, क्रूझ थेट. दोन्हीची गाठ मारायची काय गरज? माझं मत बदललेलं नाही. लोकांना एजंट लागतो तो कामासाठी नाही, काही बिघडलं तर शिव्या द्यायला कुणीतरी समोर पाहिजे म्हणून.

केळीवाला (रावेर)

मग चूक काय त्यात? मायामीला शिव्या कशा देणार भो?

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

एक राहिलंच. जहाज कुणासाठी थांबत नाही. मागं मुंबईहून क्रूझ होती, आम्ही रात्रीच्या गाडीनं निघालो, गाडी इगतपुरीला अडकली ती अडकलीच. बॅलार्ड पिअरला पोहोचलो तेव्हा चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं होती. बायको आजही तो जिना आठवला की माझ्याकडं बघते. रेल्वेत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस सांगतोय: आदल्या दिवशी पोहोचा. सिंगापूरलाही एक रात्र आधीच उतरा, हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील.

तापीकाठ (भुसावळ)

वीसेक दिवसांनी लिहितोय. बुकिंग झालं.

डेकचे नकाशे प्रिंट काढून एकावर एक ठेवले, खिडकीच्या काचेवर धरून, शाळेत नकाशा गिरवायचो तसे. सातव्या डेकवर मधोमध लागून लागून तीन केबिन निवडल्या, वर आणि खाली दोन्हीकडं केबिनच. मग बाबांच्या त्याच एजंटकडं गेलो. अट घातली: हेच नंबर, कार्ड माझं, पैसे त्याच्या खात्यात नाही, थेट कंपनीकडं. तो जरा कुरकुरला, मग तयार झाला. त्याच्या टेबलावर बसूनच कंपनीच्या साइटवर बुकिंग नंबर टाकून बघितला, आठही नावं पासपोर्टासमोर धरून वाचली. बाबांचं नाव खरंच उलटं पडलं होतं! तिथंच दुरुस्त झालं. केळीवाले भाऊ, चहा पण पाजला त्यानं.

विमानाची तिकिटं मी स्वतः काढली, त्यामुळे चाळीसगावकरांनीही फार रागावू नये. व्हिसाचे कागद त्याच्याकडंच दिले.

धुळ्याची_वकीलबाई (धुळे)

शेवटच्या हप्त्याची तारीख?

तापीकाठ (भुसावळ)

फोनमध्ये गजर लावलाय, आठ दिवस आधीचा आणि आदल्या दिवसाचा. आईला केबिनचा फोटो दाखवला, बाल्कनीचं दार, बाहेर दोन खुर्च्या. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पडदा बाजूला करून काढलाय ना फोटो?"