'आपण अधिकृत नाही' – नक्की काय नाही?

रेघोटी: पतसंस्थेच्या प्रणालीतले संदेश मराठीत करतेय, दोन अडलेत. पासवर्ड चुकला की येतो तो ऑथेंटिकेशनचा. पासवर्ड बरोबर, पण कारकुनाने कर्जमंजुरीचं पान उघडलं की येतो तो ऑथरायझेशनचा. जुन्या भाषांतरात दोन्हीकडे 'आपण अधिकृत नाही'. त्यामुळे पासवर्ड चुकलेला माणूस साहेबांकडे परवानगी मागायला जातो, आणि परवानगी नसलेला पासवर्ड बदलत बसतो. शब्द सुचवा.

खटपट्या: प्रमाणीकरण आणि प्राधिकरण. आधारच्या सरकारी मराठीतही 'प्रमाणीकरण'च आहे.

पूर्वपक्ष: प्राधिकरण नको हो. म्हाडाच्या इंग्रजी नावातला शेवटचा 'ए' तोच, ऑथॉरिटी. 'प्राधिकरण अयशस्वी' वाचून लोकांना घरांची सोडत आठवेल. निगडीच्या रिक्षावाल्याला तर ती वस्ती वाटेल. प्रमाणीकरणही निसरडंच, भाषेवाल्यांकडे त्याचा अर्थ प्रमाणभाषा घडवणं.

चारशेएक: घोळ मुळात इंग्रजीतच आहे. एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, ४०१ या त्रुटी-क्रमांकाचं नाव 'अनऑथराइज्ड', पण अर्थ 'तू कोण ते अजून पटलेलं नाही'. म्हणून ४०१ सोबत ओळख कुठल्या पद्धतीने पटवायची तेही सर्व्हरने कळवायचं असतं. ४०३ म्हणजे मज्जाव. तोच पासवर्ड पुन्हा देऊन उपयोग नाही. तेव्हा नावाचं भाषांतर करू नका, अर्थाचं करा: 'ओळख पटली नाही' आणि 'मुभा नाही'. आणखी एक, 'पासवर्ड चुकला' असं सुटं लिहू नका. 'नाव किंवा पासवर्ड चुकला' असं एकत्रच लिहा. नाहीतर कोणती नावं खरी आहेत ते बाहेरच्याला फुकटात कळतं.

पूर्वपक्ष: 'ओळख पटणे' +१. 'ओळखणे' मात्र वेगळं. रेशन दुकानात अंगठा लावला की तो त्या एका आधार क्रमांकाच्या ठशांशीच ताडतात, उत्तर फक्त हो किंवा नाही. ही ओळख पटवणं. नोंदणीच्या वेळी आधीच्या सगळ्यांशी ताडून बघतात, की हाच माणूस दुसऱ्या नावाने आलाय का. ते ओळखणं. जुळणीचे किमान गुण खाली आणले तर तोतया आत, वर नेले तर धनी बाहेर. विटा उचलून रेषा झिजलेल्या हाताला यंत्र 'नाही' म्हणतं ते यामुळेच.

खटपट्या: 'तोतया' झकास! पण मग पासवर्डला 'परवलीचा शब्द' का नको? अस्सल मराठी आहे.

चारशेएक: अस्सल कसला, लष्करी छावणीतला 'परोल', म्हणजे पहाऱ्यावरचा खुणेचा शब्द, दिसतो तो.

खटपट्या: उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. असहमत.

सांजवात: व्युत्पत्ती काहीही असो, परवली रोज बदलायची आणि पहारेकऱ्यालाही ठाऊक असायची. म्हणजे ती पासवर्डपेक्षा ओटीपीच्या जवळची. पासवर्ड तर सर्व्हरलाही ठाऊक नसावा, त्याने नुसता हॅश ठेवावा, म्हणजे पासवर्डवरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा. ॲपमधला सहा आकडी कोड मात्र दोघांकडच्या एकाच गुपितावर आणि वेळेवर काढतात, बहुधा दर ३० सेकंदांनी नवा. फोनचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं की कोड बरोबर वाचूनही नाकारला जातो. लोक ॲपला शिव्या घालतात, खरं तर 'आपोआप वेळ' चालू करायची असते.

पूर्वपक्ष: आणि एका ॲपला दुसऱ्या खात्यातलं थोडंसंच बघायला देतात, ते ओऑथ? त्याला 'मुखत्यारी' फिट बसतं. फक्त कॅलेंडर वाचू द्यायचं तर खास मुखत्यारपत्र. लोक डोळे मिटून कुलमुखत्यारपत्रावर सही करतात, तो भाग वेगळा.

खटपट्या: मुखत्यार फारसीतून आलेला. 'प्रतिनियुक्ती' का नको?

सांजवात: ती दुसऱ्या खात्यात तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची.

रेघोटी: मंडळी, माझे दोन संदेश! रकाना ३२ बाइटांचा आहे, यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. 'मुभा नाही' २५ मध्ये मावलं. 'ओळख पटली नाही' ३५ भरतं.

चारशेएक: मग 'ओळख पटेना' करा. २५ च.

पूर्वपक्ष: 'पटेना'त यंत्र वैतागल्यासारखं वाटतं. पतसंस्थेच्या तोंडी शोभत नाही.

खटपट्या: 'प्रमाणीकरण' ३० मध्ये बसतं, बरं का.